राष्ट्रीय संसदेवर ज्ञानकोशात लेख लिहिताना: आधी नाव, मग वर्णन

मराठी विकिपीडियावर मी बहुतेक देशोदेशींच्या संसदांची पानं लिहिते. सुरुवातीला माझ्या हातून एक चूक झाली आणि ती आठ महिने तशीच राहिली. जर्मनीच्या बुंडेसराटवरचं (व्यवहारात तिथलं वरिष्ठ सभागृह) पान नुकतंच संपवलं होतं. त्याच ओघात स्वित्झर्लंडची संसद घेतली आणि ‘बुंडेसराट हे तिचं वरिष्ठ सभागृह’ असं लिहून मोकळी झाले. स्वित्झर्लंडचं बुंडेसराट म्हणजे सात जणांचं सरकार, तिथलं मंत्रिमंडळ. वरिष्ठ सभागृहाचं नाव श्टेंडेराट, त्यात ४६ सदस्य. शब्द तोच, भाषा तीच, देश शेजारचा, पण संस्था अगदीच वेगळी. चर्चा पानावर एका संपादकाने दोन ओळींत हे दाखवून दिलं. तोवर माझं वाक्य आणखी तीन पानांवर पोचलं होतं. ती तिन्ही दुरुस्त करायला एक संध्याकाळ पुरली. पण मधल्या आठ महिन्यांत ज्यांनी ते वाचलं, त्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोचवायची काहीच सोय नसते. ते मला अजून लागून राहिलं आहे, म्हणून नव्याने लिहिणाऱ्यांसाठी माझी पद्धत इथे मांडते.

हे नाव नेमकं कशाचं?

पान उघडण्याआधी मी वहीत हा एकच प्रश्न लिहिते. नाव संपूर्ण संसदेचं असू शकतं, तिच्या एका सभागृहाचं असू शकतं, दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीचं असू शकतं, नुसत्या इमारतीचंही असू शकतं. उत्तर मिळाल्याशिवाय शीर्षक टंकायचं नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे.

पोलंडचं उदाहरण घ्या. ‘सेय्म’ हे नाव इतकं गाजलेलं आहे की तीच पोलंडची संसद असं सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात सेय्म हे ४६० सदस्यांचं कनिष्ठ सभागृह. त्याच्या जोडीला १०० सदस्यांची सिनेट असते आणि दोन्ही एकत्र बसली की त्या बैठकीला राष्ट्रीय सभा म्हणतात. त्यात आणखी एक मेख आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर पोलंडने सिनेट रद्द केली होती आणि ती परत आली १९८९ साली. म्हणजे मधली चाळीसेक वर्षं सेय्म हीच खरोखर अख्खी संसद होती. १९६० च्या दशकातल्या एखाद्या पोलिश नेत्यावरच्या लेखात ‘कनिष्ठ सभागृह सेय्म’ असं लिहिलं, तर ते चूक ठरतं. नावाच्या उत्तरापुढे साल लिहायची सवय मला या पानाने लावली.

जर्मन भाषेतली नावं तर पुन्हा पुन्हा तपासावीत. बुंडेसराट ऑस्ट्रियातही आहे आणि तिथे ते खरोखर वरिष्ठ सभागृह आहे. प्रांतांच्या विधानसभा त्याचे सदस्य निवडून देतात, आपल्या राज्यसभेसारखंच. जर्मनीत मात्र तिथे राज्य सरकारांचे मंत्रीच बसतात आणि एका राज्याची सगळी मतं एकगठ्ठा पडतात. तिथल्या संविधान न्यायालयाने १९७४ साली स्पष्ट केलं की बुंडेसराट हे एकाच संसदेचं दुसरं सभागृह नव्हे. म्हणून जर्मनीच्या पानावर मी ‘राज्य सरकारांचं प्रतिनिधित्व करणारी संघीय संस्था’ असं लिहिते आणि तिला व्यवहारात वरिष्ठ सभागृह म्हटलं जातं, हे पुढच्या वाक्यात सांगते. ‘बुंडेसफरझाम्लुंग’ या शब्दाचीही तीच गत. स्वित्झर्लंडमध्ये ती पूर्ण संसद, ऑस्ट्रियात दोन सभागृहांची संयुक्त बैठक, आणि जर्मनीत राष्ट्राध्यक्ष निवडण्यापुरतं भरणारं मंडळ.

सगळ्यात जास्त घोळ ‘नॅशनल असेंब्ली’ या नावाने होतो. फ्रान्समध्ये ते कनिष्ठ सभागृह, ५७७ सदस्यांचं. पाकिस्तानातही कनिष्ठ, तिथे नॅशनल असेंब्ली, सिनेट आणि राष्ट्राध्यक्ष मिळून मजलिस-ए-शूरा, म्हणजे संसद, होते. दक्षिण कोरियात हीच एकगृही, म्हणजे एकाच सभागृहाची संसद. नायजेरियात सिनेट आणि प्रतिनिधिगृह या दोन्हींना मिळून हे नाव आहे. मराठीत ‘राष्ट्रीय सभा’ केलं की गुंता वाढतो, कारण नेपाळचं ५९ सदस्यांचं वरिष्ठ सभागृह याच नावाचं आहे, आणि टिळकांच्या काळातल्या मराठी लिखाणात राष्ट्रीय सभा म्हणजे काँग्रेस पक्ष. तेव्हा देशाच्या नावाशिवाय हे शीर्षक कधीही देऊ नका. ‘राष्ट्रीय सभा (फ्रान्स)’ असं कंसात देश घालून द्या आणि मोकळं ‘राष्ट्रीय सभा’ हे पान निःसंदिग्धीकरणासाठी, म्हणजे त्या नावाच्या सगळ्या पानांची यादी देण्यासाठी ठेवा.

इथे एक गोष्ट सांगायला मला फार आवडते. थायलंडच्या संसदेचं नाव ‘रत्थसफा’ असं उच्चारतात. कंबोडियाच्या कनिष्ठ सभागृहाचं नावही त्याच शब्दांचं. दोन्हींच्या मुळाशी आपले ‘राष्ट्र’ आणि ‘सभा’ आहेत. कंबोडियाच्या सिनेटच्या नावात तर सरळ ‘वृद्धसभा’ आहे. ही माहिती व्युत्पत्तीच्या परिच्छेदात जरूर द्यावी, मराठी वाचकाला ती आपलीशी वाटते. शीर्षकात मात्र ‘राष्ट्रसभा’ घालायचा मोह आवरावा. थायलंडमध्ये त्याचा अर्थ पूर्ण संसद, कंबोडियात तिचा एक भाग.

कोणतं नाव द्यावं

माझं मत ठाम आहे: नाव त्यांचं ठेवावं, वर्णन आपल्या भाषेत करावं. ‘जपानची लोकसभा’, ‘ब्रिटनची राज्यसभा’ हे बातमीच्या मथळ्यात खपून जातं, ज्ञानकोशात नाही. लोकसभा हे एका विशिष्ट सभागृहाचं नाव आहे. १९५४ साली ते अधिकृतपणे स्वीकारलं गेलं. ‘राज्यसभा’ म्हटलं की राज्यं आली, संघराज्य आलं. ब्रिटन संघराज्यच नाही. एका शब्दाने वाचकाच्या मनात चुकीची राज्यव्यवस्था उभी राहते आणि मग पुढचे दहा परिच्छेद ती पुसत बसावं लागतं.

ज्या संसदांना स्वतःचं विशेषनाम आहे आणि जग त्यांना त्याच नावाने ओळखतं, तिथे ते देवनागरीत लिहा: क्नेसेट (इस्रायल), अल्थिंग (आइसलँड), रिक्सडाग (स्वीडन), फोल्केटिंग (डेन्मार्क). जिथे मूळ भाषेतला शब्द म्हणजे साधं ‘संसद’ किंवा ‘सभा’, तिथे ‘ग्रीसची संसद’ असं सरळ शीर्षक पुरे. ‘वूली’ हे ग्रीक नाव पहिल्या वाक्यात द्या. आणि मराठीत एखादं नाव आधीच रुळलेलं असेल, तर त्याच्याशी भांडू नका. हाऊस ऑफ कॉमन्सचं ‘सामान्यजन सभागृह’ केलं तर कोणीही ते शोधणार नाही.

दोन नावांपाशी मात्र जरा थांबावं लागतं. पहिलं जपानचं. इंग्रजीत तिला ‘डाएट’ म्हणतात. मराठी वाचकाला डाएट म्हणजे खाण्यापिण्याचं पथ्य. ‘डाएटने अर्थसंकल्प मंजूर केला’ हे वाक्य कितीही बरोबर असलं तरी वाचणारा अडखळतोच. शिवाय हा शब्द जपानी नाही. तो लॅटिनमधून आला आहे आणि त्याच्या मुळाशी ‘दिवस’ आहे, सभेसाठी नेमलेला दिवस. जर्मन ‘टाग’ आणि स्वीडिश ‘डाग’ यांचाही अर्थ दिवसच, म्हणून जर्मनीची बुंडेसटाग, स्वीडनची रिक्सडाग. जपानी लोक आपल्या संसदेला ‘कोक्काई’ म्हणतात: देश आणि सभा. कोरियन ‘गुखोए’ आणि व्हिएतनामी ‘कुओक होई’ हीसुद्धा त्याच दोन चिनी अक्षरांची नावं. मी शीर्षक ‘जपानची संसद’ ठेवलं, पहिल्या वाक्यात ‘कोक्काई’ आणलं, आणि ‘डाएट (जपान)’ वरून पुनर्निर्देशन केलं, म्हणजे ते नाव शोधणाराही याच पानावर येतो.

दुसरं नाव अमेरिकेचं. नुसतं ‘काँग्रेस’ लिहिलं की वाचकाला भारतीय राष्ट्रीय काँग्रेस आठवते आणि त्यात त्याची काही चूक नाही. शीर्षकात तर देश हवाच, पण मजकुरातही प्रत्येक विभागात पहिल्यांदा ‘अमेरिकेची काँग्रेस’ लिहा, मग ‘काँग्रेस’. मराठीत विद्यापीठाचीही सिनेट असते, तेव्हा सिनेटलाही हाच नियम लावा.

उच्चार, लिंग आणि शेपट्या

लिप्यंतर, म्हणजे परकं नाव देवनागरीत लिहिणं, इंग्रजी स्पेलिंग बघून करू नका. पोलिशमध्ये ‘जे’ या अक्षराचा उच्चार य होतो, म्हणून सेय्म; ‘सेज्म’ हे चूक रूप मराठीत बऱ्याच ठिकाणी दिसतं. क्नेसेटमधला क खरोखर उच्चारतात. आयर्लंडच्या संसदेचं स्पेलिंग ‘ओ’ने सुरू होतं, पण बोलताना ते ‘एरक्टस’च्या जवळ जातं. मी मूळ भाषेतलं ध्वनिमुद्रण तीन-चारदा ऐकते, कानावर पडतं तसं लिहिते आणि मग ते नाव मराठी वर्तमानपत्रांतून कसं छापून येतं ते बघते. दोन्हींत फार अंतर असेल तर चर्चा पानावर किंवा चावडीवर (विकिपीडियाच्या सार्वजनिक चर्चेच्या पानावर) विचारते.

स्कँडिनेव्हियातल्या नावांना शेपूट असते. डॅनिशमध्ये ‘फोल्केटिंगेट’, नॉर्वेजियनमध्ये ‘स्टूर्टिंगेट’, स्वीडिशमध्ये ‘रिक्सडागेन’ असं लिहिलेलं सापडेल. शेवटचा तुकडा नुसता ‘ती’, ‘तो’ अशा अर्थाचा प्रत्यय आहे. मराठीत तो गाळावा, नाहीतर विभक्ती लावताना ‘रिक्सडागेनमध्ये’ असं अवघडलेलं रूप तयार होतं.

लिंगाचा प्रश्न इंग्रजीत लिहिणाऱ्यांना पडत नाही, आपल्याला दर वाक्यात पडतो. फोल्केटिंग भरली, भरला की भरलं? मी मनात ‘संसद’ धरते आणि पूर्ण संसदेच्या नावाला स्त्रीलिंग देते: क्नेसेट विसर्जित झाली, फोल्केटिंग भरली. एका सभागृहाचं नाव असेल तर मनात ‘सभागृह’ धरून नपुंसकलिंग: हाऊस ऑफ कॉमन्सने ते फेटाळलं, ते पुन्हा भरलं. सिनेट आणि सेय्म मात्र माझ्या कानाला स्त्रीलिंगीच बरी वाटतात. कोणाला हे पटणार नाही, चालेल. एका पानावर शेवटपर्यंत एकच लिंग ठेवा, एवढं पाळलं तरी वाचन सुकर होतं.

पहिलं वाक्य

वाचणाऱ्यांपैकी बरेच जण पहिल्या वाक्याच्या पुढे जात नाहीत. म्हणून त्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. डेन्मार्कच्या पानाचा माझा धूळपाटीवरचा (कच्च्या लेखनाच्या पानावरचा) पहिला मसुदा असा होता:

‘फोल्केटिंग हे डेन्मार्क देशातील एक अतिशय जुने व महत्त्वाचे सभागृह आहे.’

या वाक्यातून काहीच कळत नाही. जुनं म्हणजे कधीपासूनचं, महत्त्वाचं म्हणजे कशासाठी, आणि एक सभागृह म्हणजे दुसरंही आहे का? दुसऱ्या मसुद्यात मी उलट टोकाला गेले आणि सदस्यसंख्या, स्थापना, मतदानाची पद्धत, अध्यक्षांचं नाव असं सगळं एकाच वाक्यात कोंबलं. ते वाचताना मलाच धाप लागली. तिसरा मसुदा राहिला:

‘फोल्केटिंग ही डेन्मार्कची एकगृही राष्ट्रीय संसद आहे. तिचे १७९ सदस्य असून त्यांपैकी १७५ डेन्मार्कमधून, दोन फेरो द्वीपसमूहातून आणि दोन ग्रीनलंडमधून निवडून येतात. १९५३ पूर्वी फोल्केटिंग हे रिग्सडाग या द्विगृही संसदेचे कनिष्ठ सभागृह होते.’

तिसरं वाक्य मी मुद्दाम पहिल्या परिच्छेदात ठेवलं आहे. १८४९ च्या राज्यघटनेने रिग्सडाग स्थापन झाली, तिची दोन सभागृहं फोल्केटिंग आणि लान्सटिंग. १९५३ च्या राज्यघटनेने लान्सटिंग गेलं आणि उरलेल्या सभागृहाचं नाव संपूर्ण संसदेला मिळालं. हे वर सांगितलं नाही, तर १९२० सालच्या डॅनिश राजकारणावर लिहिणारा कोणीतरी फोल्केटिंगला ‘डेन्मार्कची संसद’ म्हणून दुवा देणार हे नक्की. पोलंडचा प्रश्न होता, त्याचंच हे दुसरं रूप.

पहिल्या परिच्छेदातून ‘सध्या’, ‘नुकतेच’, ‘आजमितीस’ हे शब्द काढून टाका. ज्ञानकोशातलं ‘सध्या’ म्हणजे लिहिणाऱ्याचं सध्या. वाचणारा कदाचित सहा वर्षांनी येणार आहे. साल लिहा.

वरिष्ठ, कनिष्ठ, पहिलं, दुसरं

नेदरलँड्सच्या संसदेत ‘दुसरं सभागृह’ १५० सदस्यांचं आहे आणि खरी सत्ता तिथे आहे. ‘पहिलं सभागृह’ ७५ सदस्यांचं, प्रांतिक परिषदांनी निवडलेलं. इंग्रजी पुस्तकांत मात्र ‘सेकंड चेंबर’ म्हणजे बहुधा वरिष्ठ सभागृह. दोन वेगळ्या स्रोतांतून माहिती घेताना इथे हमखास उलटापालट होते. मी अशा पानांवर आधी मूळ नाव देते, मग ‘म्हणजे कनिष्ठ सभागृह’ असं लिहिते, आणि लगेच कोण निवडून देतं ते सांगते. निवड कशी होते हे कळलं की वरिष्ठ-कनिष्ठ या शब्दांवर फारसं अवलंबून राहावं लागत नाही.

‘वरिष्ठ’ या शब्दाने आणखी एक गैरसमज होतो: ज्याला वरिष्ठ म्हटलं ते जास्त अधिकारी असणार असं वाटतं. बहुतेक देशांत उलटं असतं. म्हणून अर्थविधेयक कुठे मांडता येतं, एका सभागृहाने अडवलं तर दुसरं ते डावलू शकतं का, सरकार कोणाला जबाबदार असतं, या तीन गोष्टी अधिकारांच्या विभागात स्पष्ट लिहा.

कधीकधी एकगृही-द्विगृही या साच्यातही संसद बसत नाही. नॉर्वेची स्टूर्टिंग १८१४ पासूनची, १६९ सदस्यांची. निवडणूक एकच व्हायची. पण निवडून आल्यावर सदस्य आपल्यातूनच लाग्टिंग आणि ओडेल्सटिंग असे दोन भाग करायचे आणि कायदे त्या दोन भागांतून जायचे. २००९ मध्ये ही विभागणी संपली. माहितीचौकटीत (पानाच्या कडेला ठळक माहिती देणाऱ्या चौकटीत) एकच पर्याय निवडावा लागतो म्हणून मी ‘एकगृही’ लिहिलं, पण मजकुरात या विभागणीला पूर्ण परिच्छेद दिला. चौकटीत मावत नाही म्हणून खरी माहिती गाळू नका.

मराठीतले आपले शब्दही जपून वापरावेत. ‘खासदार’ ब्रिटन किंवा कॅनडासाठी चालतो, वर्तमानपत्रांनी तो रुळवला आहे. अमेरिकेसाठी सिनेटर आणि प्रतिनिधी हेच बरे. राष्ट्रीय संसदेच्या पानावर ‘आमदार’ कुठेही येऊ नये. सभागृहाचं कामकाज चालवणाऱ्या पीठासीन अधिकाऱ्याला नुसतं ‘अध्यक्ष’ म्हटलं तर राष्ट्राध्यक्षाशी गल्लत होते, म्हणून जिथे दोन्ही पदं आहेत तिथे मी ‘सभापती’ लिहिते. बैठक तहकूब होते (काही वेळापुरती थांबते), अधिवेशन संस्थगित होतं (संपतं), सभागृह विसर्जित होतं (बरखास्त होऊन निवडणूक होते). तिन्ही क्रिया वेगळ्या आहेत आणि इंग्रजीतही त्यांना तीन वेगळे शब्द आहेत. एकाचा दुसऱ्याच्या जागी वापर केला, तर निवडणूक होणार होती की फक्त सुट्टी, हेच वाचकाला कळत नाही.

आकडे

सदस्यसंख्या लिहिताना कायद्याने ठरलेल्या जागा आणि प्रत्यक्ष भरलेल्या जागा वेगळ्या ठेवा. भारताच्या राज्यघटनेत लोकसभेची कमाल मर्यादा ५५० आहे, निवडून येणारे सदस्य ५४३, आणि नव्या इमारतीतल्या लोकसभेच्या दालनात आसनं ८८८. तीन आकडे, तिन्ही खरे, आणि तिन्ही ‘सदस्यसंख्या’ म्हणून कुठे ना कुठे लिहिलेले मला सापडले आहेत.

आकडा बदलला असेल तर का बदलला ते शोधा; बहुधा तिथेच लेखाचा उत्तम परिच्छेद सापडतो. स्वीडनने १९७१ मध्ये एकगृही रिक्सडाग आणली तेव्हा जागा होत्या ३५०. १९७३ च्या निवडणुकीत दोन्ही गटांना बरोबर १७५-१७५ जागा मिळाल्या, आणि समसमान मतं पडली की चिठ्ठ्या टाकून निर्णय घ्यावा लागायचा. १९७६ च्या निवडणुकीपासून एक जागा कमी करून ३४९ केल्या. ‘३४९ सदस्य’ हा आकडा विषम का आहे, हे वाचकाला दोन ओळींत कळतं आणि मग तो विसरत नाही. इटलीचंही तसंच: २०२० च्या सार्वमतानंतर कनिष्ठ सभागृहाच्या जागा ६३० वरून ४०० झाल्या आणि सिनेटच्या निवडून येणाऱ्या जागा ३१५ वरून २००. तो बदल २०२२ च्या निवडणुकीत लागू झाला, तेव्हा सार्वमताचं साल आणि अंमलाचं साल दोन्ही द्या.

जुनी, सर्वांत जुनी

‘जगातील सर्वांत जुनी संसद’ हे वाक्य दिसलं की मी थांबते. आइसलँडची अल्थिंग इ.स. ९३० मध्ये थिंगवेट्लिर इथल्या मोकळ्या माळावर भरू लागली, हे खरं. पण १८०० मध्ये ती बंद झाली, १८४३ च्या राजाज्ञेने पुन्हा स्थापन झाली आणि १८४५ मध्ये रेक्याविकला भरली. म्हणून मी ‘अस्तित्वात असलेल्या सर्वांत जुन्या संसदांपैकी एक’ असं लिहिते आणि मधला खंड त्याच वाक्यात सांगते. ‘संसदांची जननी’ हे बिरुदही तपासून घ्या. १८६५ मध्ये ब्रिटिश राजकारणी जॉन ब्राइट यांनी ते इंग्लंड या देशाला उद्देशून वापरलं होतं. पुढे ते वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे लंडनमधल्या ब्रिटिश संसदेला चिकटलं.

ब्रिटनचा इतिहास लिहिताना १७०७ पर्यंत इंग्लंडची संसद, मग ग्रेट ब्रिटनची, आणि १८०१ पासून युनायटेड किंग्डमची, असे तीन टप्पे ठेवा. फ्रान्सच्या इतिहासात राज्यक्रांतीपूर्वीची ‘पार्लमाँ’ भेटतील. ती न्यायालयं होती. पॅरिसच्या पार्लमाँला ‘पॅरिसची संसद’ म्हणून दुवा देऊ नका.

इमारत आणि गाव

बर्लिनमधली राइश्टाग ही इमारत, बुंडेसटाग ही तिथे १९९९ पासून बसणारी जर्मनीची संसद. कॅपिटॉल ही इमारत, अमेरिकेची काँग्रेस ही तिथली संस्था. इमारतीचं पान वेगळं करा. स्थळाच्या रकान्यात राजधानी आपोआप भरू नका: चिलीची काँग्रेस वाल्पाराइसोत भरते, दक्षिण आफ्रिकेची संसद केपटाऊनमध्ये, नेदरलँड्सची हेगमध्ये.

ज्यांना संसद म्हणावं का, असा प्रश्न पडतो

सौदी अरेबियाच्या शूरा परिषदेचे १५० सदस्य राजा नेमतो आणि ती सल्ला देते. मी तिला ‘सल्लागार परिषद’ म्हणते आणि संसदांच्या वर्गात टाकत नाही. चीनची राष्ट्रीय लोक काँग्रेस जवळपास ३,००० सदस्यांची, वर्षातून एकदा थोडे दिवस भरणारी. एरवीचं काम तिची स्थायी समिती करते. तिच्याबद्दल विशेषणं वापरायचा मोह दोन्ही बाजूंनी होतो. राज्यघटना तिला राज्यसत्तेचं सर्वोच्च अंग म्हणते, हे लिहा. सदस्य थेट मतदानाने निवडले जात नाहीत, हेही लिहा. किती दिवस भरते, विधेयकांचं काय होतं, ते लिहा. इराणच्या मजलिस या संसदेचे २९० सदस्य लोक निवडून देतात, पण तिने मंजूर केलेलं प्रत्येक विधेयक बारा जणांच्या पालक परिषदेपुढे जातं. हे एवढं नीट सांगितलं की वाचक आपलं मत स्वतः बनवतो, आणि ते त्याने स्वतःच बनवावं असं मला मनापासून वाटतं.

जतन करण्याआधी आणि नंतर

शीर्षकाची जेवढी रूपं लोक शोधतील, तेवढी पुनर्निर्देशनं तयार करा: क्नेसेटसाठी ‘नेसेट’, ‘कनेसेट’, ‘इस्रायलची संसद’, सेय्मसाठी ‘सेज्म’सुद्धा. चूक रूपावरून शोधणाऱ्यालाही पान मिळालं पाहिजे. मग विकिडेटावर (वेगवेगळ्या भाषांतली एकाच विषयाची पानं जोडणाऱ्या संकेतस्थळावर) जाऊन तुमचं पान पूर्ण संसदेला जोडलं गेलं आहे की एका सभागृहाला, ते बघा. माझी बुंडेसराटची चूक तिथे पाहिलं असतं तर पाच मिनिटांत सापडली असती. ज्याचं नाव बदलायचं आहे ते पान जुनं असेल, तर आधी चर्चा पानावर कारण लिहा, काही दिवस थांबा, आणि मगच स्थानांतर करा. कोणीतरी कष्टाने ते नाव निवडलेलं असतं.

पान लिहून झालं की ते पहाऱ्याच्या सूचीत टाका, म्हणजे त्यातले बदल तुम्हाला कळत राहतील. मंगोलियाच्या ‘उलसीन इख खुराल’ या संसदेचं पान मी ७६ सदस्य असं लिहून ठेवलं होतं. २०२३ मध्ये राज्यघटना बदलली आणि २०२४ च्या निवडणुकीत १२६ सदस्य निवडून आले. मी पहिला परिच्छेद बदलला, माहितीचौकट बदलली आणि समाधानाने पान बंद केलं. दोन दिवसांनी पुन्हा उघडलं तेव्हा निवडणूक पद्धतीच्या विभागात, तक्त्याखालच्या बारीक टीपेत, ७६ तसाच होता. तोही बदलला, आणि इतिहासाच्या विभागात एक ओळ वाढवली: २०२४ पूर्वी सदस्यसंख्या ७६.